गाड्यांना जीपीएस आणि डिझेल सेन्सर बसवून खरंच डिझेल वाचतं का? (७ गाड्या, नाशिक – न्हावा शेवा)

पिंपळगाव_रोडलाईन

नमस्कार मंडळी. आमच्या ७ गाड्या आहेत, ४ दहाचाकी आणि ३ ट्रेलर. वडिलांनी १९९४ ला एका जुन्या गाडीवर धंदा सुरू केला, आता मी बघतो. सीझनला द्राक्षाचे कंटेनर, बाकी वर्षभर सिन्नर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल न्हावा शेव्याला आणि थोडं पुणे-बेंगलोर.

आता झालंय असं की या कारखान्याच्या लॉजिस्टिकवाल्या मॅडमनी मागच्या महिन्यात मेल टाकला की पुढच्या करारापासून दर महिन्याला प्रत्येक खेपेचं डिझेल किती, किलोमीटर किती, टन किती आणि कार्बन किती ते भरून द्यायचं. फोन केला तर म्हणाल्या सेबीचा (शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे, आम्हाला वरून विचारतात म्हणून आम्ही तुम्हाला विचारतो, पुढे टेंडरला याचे मार्क राहतील. माझ्याकडे आत्ता काय आहे तर डिझेलच्या पावत्या आणि वडिलांची वही. वही चोख आहे, पण त्यात महिन्याचं डिझेल आहे, खेपेचं नाही.

दोन-तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. एक म्हणतो नुसतं जीपीएस घ्या साडेतीन हजारात, एक म्हणतो टाकीत सेन्सर पाहिजेच, तो गाडीमागे दहा हजाराच्या घरात, वर वर्षाचं भाडं वेगळं, आणि सगळे छातीठोक सांगतात १५ टक्के डिझेल वाचेल. मला हे पटत नाही. डबी बसवली म्हणून इंजिन कमी कसं पिणार?

दुसरी काळजी ड्रायव्हरची. माझ्याकडे दोघंजण वडिलांच्या वेळेपासून आहेत, त्यांना मी काका म्हणतो. सेन्सर बसवतोय म्हणलं की त्यांना वाटणार मालकाला आपला भरवसा नाही. आणि आज चांगला ड्रायव्हर मिळणं किती अवघड आहे हे इथल्या सगळ्यांना माहितीये.

तर मनापासून विचारतोय, कुणी लहान गाडीमालकाने हे वापरलंय का, डिझेल आणि धूर खरंच कमी झाला का, झाला तर कशामुळे झाला? मला नुसता कागद भरून द्यायचा नाहीये. कसारा घाटात आपल्याच गाडीच्या मागे स्कूटरवर पोरगं तोंडाला रुमाल बांधून चाललेलं दिसतं तेव्हा वाईट वाटतं हो.

कळंबोली_२२_गाड्या

दादा तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे, डबीने काहीच वाचत नाही. मी हे पूर्ण एक वर्ष पैसे घालवून शिकलो. २०२१ ला सगळ्या गाड्यांना जीपीएस लावलं आणि वर्षभर आम्ही काय केलं तर ऑफिसात टीव्हीवर नकाशा लावून ठेवला, पार्टीचा फोन आला की गाडी कुठंय ते सांगायचं, बस्स. डिझेलचं बिल होतं तेवढंच राहिलं.

फरक पडला जेव्हा माझ्या पुतण्याने एक रिपोर्ट काढला, गाडी उभी आणि इंजिन चालू असे तास किती. एका ट्रेलरचे महिन्यात ६१ तास निघाले! माझा पहिला विचार काय आला तर ड्रायव्हर एसी लावून झोपतो. पण मग कुठे उभी होती ते नकाशावर टाकलं तर त्यातले ४० च्या वर तास दोनच जागी होते, एक आमच्या पार्टीच्या कारखान्याच्या गेटबाहेर आणि दुसरी पोर्टाच्या अलीकडची रांग. रांग दर पाच मिनिटाला दहा फूट सरकते, बंद करून चालू करून बॅटरी-स्टार्टर जातो म्हणून कुणी बंदच करत नाही. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दोन लिटर धरा, म्हणजे १२० लिटर डिझेल एका गाडीचं, एका महिन्यात, एक किलोमीटर न चालता. आजच्या भावाने दहा-अकरा हजार रुपये. आणि १२० लिटर जळालं म्हणजे सव्वातीनशे किलो कार्बन डायऑक्साइड गेला, कारण लिटरमागे साधारण २.७ किलो निघतो.

मग आम्ही तो रिपोर्ट घेऊन कारखान्यात गेलो. भांडायला नाही. त्यांना दाखवलं की बघा तुमच्या १४ गाड्या सकाळी ९ ला बोलावता आणि तुमचे लोडिंगचे डॉक दोन. त्यांच्या डिस्पॅचवाल्याने पहिल्यांदाच हे असं चित्र पाहिलं, आधी फक्त आमच्या तोंडच्या तक्रारी ऐकायचा. आता आम्हाला दोन-दोन तासाच्या वेळा देतात, आणि आमची गाडी पळस्प्याच्या पुढे आली की तिकडे मेसेज जातो. गेटवरची वाट साडेचार तासावरून दीड तासावर आली. हॉल्टिंगचे (गाडी थांबवून ठेवल्याचे) पैसे मागायचे वाद पण कमी झाले कारण गाडी कधी आली कधी सुटली याचा कागद दोघांकडे एकच.

म्हणून माझं म्हणणं, सेन्सर नंतर बघा. आधी साधं जीपीएस, पण इग्निशनची वायर जोडलेलं, नाहीतर इंजिन चालू की बंद ते कळत नाही. आणि रोज सकाळी अर्धा तास बसून ते बघणारा एक माणूस पाहिजेच. तो माणूस नसेल तर घेऊच नका.

स्टेरिंग_अठरा_वर्ष

मी ड्रायव्हर आहे म्हणून आमच्या बाजूने लिहतो. अठरा वर्ष झाली लाईनवर, आत्ता नाशिक हैदराबाद चेन्नई करतो.

पहिल्या मालकाने सेन्सर लावला तेव्हा आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. गाडी सर्विसिंगला गेली आन परत आली तर टाकीत वायर. आठ दिवसाने फोन की सोलापूरच्या पुढं १२ लिटर काढलं. मी काढलं नव्हतं. गाडी उतारावर लावली होती, टाकीत डिझेल एका बाजूला गेलं, काटा खाली आला. कोण ऐकतं. मी ती गाडी सोडली. तुम्ही काकांना आधी सांगा, समोर बसवून सांगा, फिटिंग त्यांच्यासमोर करा. एवढंच केलं तरी निम्मं काम झालं.

दुसरं असं की मालकाला वाटतं इंजिन चालू म्हणजे चोरी. मे महिन्यात न्हावा शेव्याच्या रांगेत केबिनमधे बसून बघा एकदा. पत्रा तापतो, पायाखाली इंजिन. रात्री गाडी हाकायची तर दिवसा तीन-चार तास झोप पाहिजे का नको? नव्या गाड्यांना आता ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सरकारनेच सक्तीची केली, चांगलंच केलं. पण एसीला इंजिन चालू लागतं. तर डिझेल वाचवायचं असेल तर ड्रायव्हरला सावलीत गाडी लावायला जागा द्या, संडास द्या, पाणी द्या, तो स्वताहून इंजिन बंद करेल. रिपोर्टमधे तास दिसतात, ऊन दिसत नाही.

आता चांगलं पण सांगतो. सध्याचा मालक रिपोर्ट आमच्याच मोबाईलवर पाठवतो, दर सोमवारी. त्यात किती वेळा करकचून ब्रेक मारला, किती वेळ ८० ला टेकवली, कुठल्या गियरला ओढली सगळं असतं. पहिल्यांदा राग आला, मग सवय लागली. मीच बघून शिकलो की मोकळ्या रोडला ७५-८० ला गेलं तर अ‍ॅव्हरेज ३.७ पडतं आन ६० ला धरून गेलं तर ४.२ पर्यंत जातं, आन हैदराबादला पोचायला फरक किती तर जेमतेम दीड-दोन तास. तिथं जाऊन गेटवर तर थांबायचंच आहे. महिन्याला जे डिझेल वाचलं त्याचे निम्मे पैसे मालक आम्हाला देतो. हे पैसे भत्त्याच्या वेगळे. गेल्या दिवाळीला त्यातूनच पोरीला सायकल घेतली.

अजून एक महत्वाचं, घाटात न्यूट्रल. जुनी खोड आहे सगळ्यांना, उतारावर न्यूट्रल मारायची की डिझेल वाचतं. बीएस६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीला हे उलटं आहे. गियरमधे ठेवून पाय काढला की पंप डिझेल सोडतच नाही, शून्य. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमधे जास्त जातं आन ब्रेक तापून फेल होतो ते वेगळं. बोरघाटात, कसाऱ्यात, खंबाटकीला किती माणसं गेली अशी. आमच्या ट्रॅकरमधे न्यूट्रलला उतरल्याचा अलर्ट येतो. तेवढ्या एका अलर्टसाठी तरी डबी बसवा असं मी ड्रायव्हर असून सांगतो.

वायरिंगवाला_सातपूर

वरच्या ड्रायव्हर भाऊंशी शंभर टक्के सहमत. मी हीच कामं करतो, रोज दोन-तीन गाड्या. फिटिंगबद्दल थोडं लिहितो कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

टाकीतला सेन्सर म्हणजे एक दांडी असते, ती डिझेलची उंची मोजते. लिटर मोजत नाही! उंचीचे लिटर करायला टाकी पूर्ण रिकामी करून वीस-वीस लिटर ओतत प्रत्येक वेळी आकडा नोंदवावा लागतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात, अर्धा दिवस जातो. बरेच जण हे करतच नाहीत, दुसऱ्या गाडीचा तक्ता टाकून मोकळे होतात. मग घाट आला, गचका बसला, की चोरीचा अलर्ट. कॅलिब्रेशन नीट केलं तरी साडेतीनशे लिटरच्या टाकीत पाच-सात लिटर इकडेतिकडे धरायचेच. त्यामुळे १० लिटरचा अलर्ट आला म्हणून कुणावर आळ घेऊ नका, ४० लिटर एकदम गेले तर विचारा. आणि हो, हाच सेन्सर पंपावर माप कमी भरलं ते पण दाखवतो, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा कितीतरी आळ यामुळे उतरलेला मी बघितलाय.

तुमच्या गाड्या बीएस६ असतील तर मी म्हणेन सेन्सरच्या आधी इंजिनच्या कॉम्प्युटरमधून थेट डेटा घेणारं यंत्र बघा. डायग्नोस्टिकचं सॉकेट गाडीत असतंच, इंजिनने किती डिझेल घेतलं, आरपीएम किती, धूर साफ करायचा युरिया किती लागला, सगळं तिथे मिळतं, टाकीला भोक पाडायची गरज नाही. जुन्या गाड्यांना मात्र दांडीच.

विचारून घ्यायच्या गोष्टी सांगतो. डेटा कुणाचा? करार संपला तर जुना डेटा एक्सेलमधे देणार का? माझ्या एका गिऱ्हाईकाच्या १२ गाड्यांचा सप्लायर रातोरात बंद पडला, सर्व्हर गेला, दोन वर्षाचा हिशोब गेला, यंत्रं भंगार झाली. सिम ४जी आहे ना ते बघा. आणि नेट नसेल तेव्हा यंत्राने स्वतःकडे साठवून ठेवलं पाहिजे, समृद्धीवर इगतपुरीच्या पुढे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, आत गेली की गाडी नकाशावरून गायबच होते, बाहेर आल्यावर मधला हिशोब भरून निघाला पाहिजे.

टायरची हवा पण लिहितो, कुणी बोलत नाही म्हणून. हवा कमी असेल तर डिझेल जातंच जातं, टायर पण जातं. वॉल्व्हवर बसणारे सेन्सर मिळतात, पण ७ गाड्यांना हवेचं मीटर आणि दर रविवारी सकाळचा नेम पुरेसा आहे.

राईनकाठचा_सातारकर

मी जर्मनीत डुइसबुर्गला आहे, काम याच विषयातलं आहे, मालवाहतुकीचा कार्बन मोजायचं. नाशिकचा प्रश्न बघून राहवलं नाही.

आधी तुमच्या मॅडम काय मागतायत ते. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. कारखान्याचा स्वतःचा धूर एक, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी केलेला धूर, म्हणजे तुमचा, हा वेगळा. हे मोजायचं कसं याचं जागतिक मानक आयएसओ १४०८३, ते २०२३ मधे आलं. त्यात मूळ माप एकच, एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती ग्रॅम कार्बन लागला.

आता हिशोब करून दाखवतो कारण यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दहाचाकी धरा, १८ टन माल, २०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ३.५ देते, म्हणजे ५७ लिटर. येताना रिकामी, ५.५ देते, म्हणजे ३६ लिटर. एकूण ९३ लिटर गुणिले २.७, झाले २५१ किलो. काम किती केलं? १८ गुणिले २०० म्हणजे ३६०० टन-किलोमीटर. भागा, ७० ग्रॅम येतात.

आता येताना पण १८ टन भाडं मिळालं समजा. डिझेल वाढलं, ११४ लिटर, ३०८ किलो. पण काम झालं ७२०० टन-किलोमीटर. भागा, ४३ ग्रॅम! आणि ड्रायव्हरने अगदी जिवापाड काळजीने चालवून ५ टक्के डिझेल वाचवलं तर ७० चे ६६ होतात. ती पण मोठी गोष्ट आहे, पण मालकांचं सगळं लक्ष ड्रायव्हरच्या पायावर असतं आणि रिकाम्या किलोमीटरवर नसतं, जिथे खरा डोंगर आहे. आयएसओच्या हिशोबात रिकामी परतीची फेरी धरावीच लागते, ती लपवता येत नाही. ट्रॅकरचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो की महिन्याअखेर प्रत्येक गाडी किती किलोमीटर रिकामी फिरली हा एक आकडा डोळ्यासमोर येतो.

एक बारीक गोष्ट, काम मोजताना गाडी प्रत्यक्ष किती फिरली ते अंतर धरत नाहीत, दोन ठिकाणातलं जवळचं अंतर धरतात. त्यामुळे वाकडी वाट केली तर डिझेल वाढतं पण टन-किलोमीटर वाढत नाहीत. आणि २.७ हा नुसता गाडीच्या नळीतला धूर झाला, तेल काढणं-शुद्ध करणं धरलं तर लिटरमागे सव्वातीन किलोच्या आसपास जातो. मॅडमना कुठला आकडा पाहिजे ते लेखी विचारून घ्या, नाहीतर तुमचा आणि दुसऱ्या ट्रान्सपोर्टरचा आकडा कधीच जुळणार नाही.

इथे जर्मनीत ट्रकचा टोल २००५ पासून उपग्रहावरून किलोमीटर मोजूनच घेतात, आणि १ डिसेंबर २०२३ पासून त्यात कार्बनचे पैसे वेगळे लावलेत, कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २०० युरो. त्या दिवसापासून इथले गाडीमालक रिकामी फेरी शब्द ऐकला तरी दचकतात. तुम्ही आत्ताच हिशोब ठेवायला लागलात तर फार पुढे असाल.

पिंपळगाव_रोडलाईन

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सातारकर दादा तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला आणि वडिलांना दाखवला, ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, आपल्या सीझनच्या कंटेनरचं काय.

तेच विचारतो. द्राक्षाला आम्ही पोर्टावरून रिकामा रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) आणतो पिंपळगावला, कोल्ड स्टोरेजला भरतो, परत नेतो. जाताना भरलेला, येताना रिकामा, दरवेळी. आणि सिन्नरच्या त्या कारखान्याला आयातीचा माल येतो तो कंटेनर खाली झाला की रिकामाच न्हावा शेव्याला परत जातो. म्हणजे कसाऱ्यात एक रिकामा वर चढतो आणि त्याच वेळी एक रिकामा खाली उतरतो. हे बघून पोटात तुटतं पण करायचं काय?

कळंबोली_२२_गाड्या

दादा रीफरचं सोडा, द्राक्षाला रीफरच लागणार आणि तिकडून येताना त्यात माल मिळणं अवघड. पण कारखान्याचा आयातीचा जो साधा कंटेनर खाली होतो त्याचं करता येतं. तोच कंटेनर पोर्टाला न नेता तिथेच जवळपास निर्यातीच्या मालाला द्यायचा. आम्ही चाकण भागात करतो. अटी आहेत, शिपिंग लाईन तीच पाहिजे, साईज तीच, आतून कंटेनर स्वच्छ पाहिजे, लाईनची लेखी परवानगी पाहिजे, आणि कंटेनर परत द्यायची मुदत संपलेली नको. आठवड्याला दहा खाली होत असतील तर त्यातले दोन-तीन जुळतात. पण एक जुळला की पोर्टाची एक पूर्ण चक्कर वाचते.

यात ट्रॅकिंग नसेल तर जमतच नाही, कारण कुठला कंटेनर कधी खाली होणार हे तासाच्या हिशोबाने कळावं लागतं. कंटेनरवर पोर्टात आरएफआयडीचा (लांबून रेडिओवर वाचता येणारा) टॅग लावतात, लॉजिस्टिक डेटा बँक म्हणून सरकारी योजना आहे, जेएनपीटीला (न्हावा शेवा पोर्टाला) २०१६ ला सुरू झाली. कंटेनर नंबर टाकला की पोर्टातून कधी निघाला, कुठल्या टोलवरून गेला ते दिसतं. ते आणि आपलं जीपीएस जोडून बघायचं. शिवाय फास्टॅग आहेच, टोल ओलांडल्याची वेळ त्यात असतेच, ज्याला यंत्र परवडत नाही त्याने निदान फास्टॅगचं स्टेटमेंट काढून रिकाम्या-भरल्या फेऱ्या लिहून काढाव्या, फुकटात अर्धं चित्र मिळतं.

रीफरबद्दल एक मात्र सांगेन, तापमानाचा ट्रॅकर न चुकता ठेवा. द्राक्ष शून्य अंशाला जातं, वाटेत जनरेटर बंद पडला आणि दोन तासानी कळलं तर पुढे जहाजातून युरोपपर्यंत जाऊन तिथे फेकायची वेळ येते. शेतकऱ्याचं वर्ष जातं, आणि त्या मालासाठी बागेपासून जहाजापर्यंत जळालेलं सगळं डिझेल मातीत.

कोलाड_स्टेशन

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. ट्रक नकाशावर दिसायला लागला म्हणून तो ट्रकच राहतो. लांबचा माल रेल्वेवर गेला तर जे वाचेल ते कुठल्याच डबीने वाचणार नाही. आमच्या कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला रो-रो सुरू केली, कोलाडला भरलेला ट्रक सरळ सपाट वॅगनवर चढतो, ड्रायव्हर गाडीतच, आणि गोव्यात वेर्ण्याला नाहीतर पुढे सुरतकलला उतरतो. तेवढे सगळे घाट, तेवढं डिझेल, तेवढे टायर वाचतात, ड्रायव्हरला झोप मिळते. तुमच्या नाशिकच्याच देवळालीवरून ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल दानापूरला गेली होती. बेंगलोरचा माल तरी रेल्वेने जातो का बघा.

स्टेरिंग_अठरा_वर्ष

रो-रोवर मी गेलोय दोनदा. खरंच आराम आहे. पण उंचीची मर्यादा आहे, ताडपत्री बांधून माल वर काढला असेल तर घेत नाहीत, आन कोलाडला नंबर लागायला कधी कधी थांबावं लागतं. तिथं पण गाडी कधी चढणार ते मोबाईलवर कळलं पाहिजे, म्हणजे पनवेलवरून त्या हिशोबाने निघता येईल. आत्ता जाऊन रांगेत बसायचं, परत तेच, इंजिन चालू.

राईनकाठचा_सातारकर

कोलाडकर तुमचं म्हणणं मान्यच आहे, इथे रॉटरडॅमवरून कंटेनर बार्जमधून (मालाच्या सपाट बोटीतून) राईन नदीने आमच्या गावापर्यंत येतात आणि शेवटचे पन्नास-साठ किलोमीटर तेवढे ट्रक. पण हे जमतं कारण बार्ज कधी लागणार, कंटेनर कधी उतरणार आणि ट्रक कधी पाहिजे हे तिघांना एकाच वेळी दिसतं. रेल्वे असो की पाणी, शेवटी माल उतरवून घ्यायला ट्रक लागणारच, आणि त्याला वेळ माहिती नसेल तर तो रस्त्यावर रांगेत उभा राहणार. दोन्ही एकत्रच लागतं.

नाशिककर दादा, समृद्धीचं पण एकदा तपासा. इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला ना. टोल किती आणि डिझेल किती वाचतं याची तुलना तुमच्याच गाड्यांवर करून इथे टाका, पाच खेपा घाटातून, पाच बोगद्यातून, वजन तेच, ड्रायव्हर तोच.

कळंबोली_२२_गाड्या

हे मी केलंय, थोडक्यात सांगतो. घाट मोकळा असेल तर डिझेलमधे फरक फार नाही, चढायचं तेवढं चढायचंच आहे, टोल निघत नाही. पण घाटात जाम असेल, पहिल्या-दुसऱ्यावर ओढत न्यावी लागली, तर फरक मोठा पडतो आणि तीन तास वाचतात. म्हणून आम्ही ठरवून काही ठेवलं नाही. रविवार संध्याकाळ, लागून सुट्ट्या, पावसाळ्यात घाटात काही झालं, तेव्हा बोगदा. आधी पुढे गेलेली आपलीच गाडी नकाशावर किती वेगाने सरकतेय ते बघून मागच्या ड्रायव्हरला सांगतो.

पिंपळगाव_रोडलाईन

आज संध्याकाळी दोन्ही काकांना आणि बाकी पाच जणांना घरी जेवायला बोलवलं होतं आणि सगळं वाचून दाखवलं, स्टेरिंगवाल्या भाऊंचं तर दोनदा वाचलं. मोठे काका पहिल्यांदा गप्प होते. मग म्हणाले बसव, पण सोमवारचा कागद आम्हाला पण पाहिजे आणि टाकी माझ्यासमोर उघडायची. बचतीतला निम्मा वाटा सगळ्यांना, हे वहीत लिहून वडिलांनी सही केली.

ठरलं असं की आधी तीन ट्रेलरला इंजिनच्या सॉकेटवरचं यंत्र, ते बीएस६ आहेत. दहाचाकींना नुसतं जीपीएस इग्निशन जोडून, दांडीचा सेन्सर आत्ता नाही. सातपूरच्या भाऊंना व्यक्तिगत निरोप टाकलाय, फिटिंग तुमच्याकडूनच करतो, कॅलिब्रेशन बिब्रेशन काय असेल ते अर्धा दिवस गेला तरी चालेल. रिपोर्ट बघायचं काम माझी बायको करणार, ती कॉमर्सवाली आहे आणि वडिलांची वही गेली तीन वर्ष तीच लिहिते.

मॅडमना मेल केला की कार्बनचा आकडा देतो पण २.७ चा का सव्वातीनचा ते लेखी कळवा, आणि सोबत तुमच्या गेटवर आमच्या गाड्या किती तास थांबल्या तोही आकडा दर महिन्याला पाठवणार. आणि तुमचे आयातीचे रिकामे कंटेनर कुठल्या लाईनचे असतात, कधी खाली होतात, त्याची यादी मिळाली तर बरं होईल. तासाभरात उत्तर आलं की शुक्रवारी डिस्पॅचवाल्यांबरोबर बसू. कळंबोलीकर दादा, त्या परवानगीच्या अर्जाचा नमुना असेल तर शुक्रवारच्या आधी पाठवाल का?